काकूंची झोपायची सीट

विमान तिकिटांच्या धंद्यात माणूस श्रीमंत होतो म्हणतात. मी तरी झालो नाही. पण किस्से म्हणाल तर ठेवायला जागा नाही, रोज एखादा दार ढकलून आत येतो. नांदेडला स्टेशनजवळ माझं छोटं ऑफिस आहे. मी, शेखभाई, उन्हाळ्यात बंद पडणारा एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी एक सोफा. साधं तिकीट आता जो तो मोबाईलवरच काढतो. आमच्याकडे येतं ते फक्त बिघडलेलं! आणि गेली काही वर्षं सगळ्यात जास्त काय बिघडलं असेल, तर माइल्स.

एक कंपनी दुसरीत विलीन होते, दुसरी तिसरीशी हातमिळवणी करते, तिसरी दोघींशी काडीमोड घेते. ठरतं कुठंतरी काचेच्या बिल्डिंगमध्ये, आणि बोलणी मी खातो नांदेडात.

कंपन्यांची नावं घेत नाही, मला अजून धंदा करायचाय. आमच्या ऑफिसात तशीही त्यांना चित्रांवरून ओळखतात. आपल्या देशातल्या दोन, हरणवाली आणि मोरवाली. आणि हैदराबादहून थेट जर्मनीला जाणारी परदेशी, ती घोडेवाली. तीनच लक्षात ठेवा, मलाही तेवढ्याच झेपतात.

* * *

व्यंकटकाका लोह्याकडचे. हळदीचं शेत, भरलं घर आणि एकुलती एक लेक, ती जर्मनीत. पहिल्या नातवाच्या वेळी काका आणि गयाकाकू घोडेवालीनं तिकडं जाऊन आले. काकूंचा उजवा गुडघा आधीच कुरकुरणारा, त्यात एवढा वेळ पाय मुडपून बसलेल्या. परत आल्या त्या काठी घेऊन. विमानातून उतरताना पडद्यापलीकडच्या सीटा काकांनी बघितल्या. उघडल्या की पलंग!

आठवडाभरात काका माझ्यासमोर. "दिगू, तसली झोपायची शीट हिच्यासाठी पायजे. पुढच्या बाळंतपणाला ही अशी बसून जाणार न्हाई."

मी भाव सांगितला. काकांनी पाणी मागितलं.

मग मी त्यांना माइल्स समजावले. विमानानं जेवढं फिराल तेवढे माइल्स खात्यात पडतात, पुरेसे साठले की त्यावर तसली सीट मिळते. हरणवालीची आणि घोडेवालीची युती आहे, त्यामुळं हिचे माइल्स तिच्याकडंही चालतात. काकांना एका दमात कळलं.

"म्हंजे डेअरीवानी. वर्सभर दूध घालायचं, दिवाळीला फरकाचे पैसे मिळतेत."

"अगदी तसंच, काका!"

"अन् डेअरीच बंद पडली तर?"

शेखभाई हसले, मीही हसलो. नंतर फार दिवस कुणी हसलं नाही.

* * *

हरणवालीचं खातं काकूंच्या नावानं उघडलं, झालेल्या जर्मनीच्या फेरीचे माइल्सही मागून घेतले. काकांनी तो नंबर सगळ्या भावकीला आणि सोयऱ्यांना पाठ करायला लावला. पुतण्या पुण्याला गेला, साडू दिल्लीला गेले, शेजारचे गुरुजी सहकुटुंब तिरुपतीला जाऊन आले. सगळ्यांनी आपापल्या तिकिटावर इमानेइतबारे काकूंचा नंबर घातला! वर्षानं खातं उघडून बघतो तर काकूंच्या जर्मनीच्या फेरीचे तेवढे माइल्स, बाकी शुकशुकाट.

कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, माइल्स फक्त प्रवास करणाऱ्याच्याच नावावर जमा होतात."

काकांनी माझ्या हातातून फोन घेतला. "बाई, आमचं घर एक, चूल एक. रेशन कार्डावर समद्यांची नावं हायती, धान्य कुणीबी जाऊन आणतंय. मंग तुमचंच कार्ड एकट्याचं कामून?"

मग ती म्हणाली, "सर, आणखी काही मदत करू शकते का?"

* * *

मग एकच उपाय उरला, काकूंनी स्वतः उडायचं. नांदेडहून विमान कधी असतं, कधी नसतं, पण असेल तेव्हा काका सोडायचे नाहीत. नणंदेच्या घरची वास्तुशांत, विमान. भाच्याचं लग्न, विमान. गुडघ्याचा डॉक्टर मुंबईत, मग तर विमानच! हैदराबादहून जायचं असेल तर आधी जीपनं हैदराबाद, अख्खा रस्ता पाय आखडून.

काकू एकदा माझ्यासमोर टेकत म्हणाल्या, "गुडघ्याला आराम मिळावा म्हणून गुडघ्यालाच गावभर हिंडवून राहिले हे!"

काका ऐकू न आल्यासारखं करून माइल्स विचारत होते.

* * *

त्याच काळातली एक दुपार. काकू विमानतळावरून थेट ऑफिसात आल्या, लोह्याची जीप यायला वेळ होता. गुडघा टम्म सुजलेला. मी म्हटलं, "काकू, सोफ्यावर जरा आडव्या व्हा."

काकू सोफ्याकडं बघत उभ्याच. "दक्षिण कुठं हाय?"

मी उगाच भिंतीकडं हात केला. शेखभाई मान वर न करता म्हणाले, "काकू, नमाज की दिशा ये, मतलब पश्चिम. तर दक्षिण उधर, खिडकीकडं."

"मंग पाय खिडकीकडंच येतेत. जित्या माणसानं दक्षिणेकडं पाय करून झोपू न्हाई."

आमच्या सोफ्याला डोकं टेकायचा उंचवटा एकाच बाजूला आहे. त्यामुळं मी आणि शेखभाईंनी तो उचलून फिरवला. काकू शांत झोपल्या, घोरल्यासुद्धा. सोफा अजून तसाच तिरपा आहे, आणि दारातून आत येणारा प्रत्येक जण त्याला ठेचकाळतो. आम्ही म्हणतो, असू द्या, काकूंची सोय आहे.

* * *

आणि मग बातमी आली. हरणवाली मोरवालीत विलीन!

काका दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. मी शटर वर करत होतो.

"डेअरी गेली का रं?"

"गेली नाही काका, दुसऱ्या डेअरीत गेली. तुमचं दूध तिकडं मोजतील."

"अन् त्यांचं माप?"

ते विचारायचं आम्ही ठरवलं. मोरवालीच्या फोनवर शेखभाई अख्खी दुपार नुसती होल्डवरची धून ऐकत बसायचे. जेवायचे ती ऐकत, नमाजला जाताना रिसीव्हर माझ्या हातात देऊन जायचे. एक दिवस घरी नातीला झोपवताना त्यांनी तीच धून गुणगुणली. "ती झोपली हो," म्हणाले, "मलाच झोप आली नाही."

* * *

ह्या विलीनीकरणात फक्त काकाच भरडले गेले असं नाही. लातूरचे आमचे एक क्लासवाले सर आहेत, डॉक्टर-इंजिनियर घडवणारे. हैदराबाद-दिल्ली त्यांची सारखी ये-जा, त्यामुळं हरणवालीकडं त्यांचा वरचा दर्जा होता. वेगळी रांग, लाउंजमध्ये फुकट इडली, बॅगेला सोनेरी पट्टा. तो पट्टा सर घरच्या लग्नातसुद्धा काढायचे नाहीत.

मोरवालीनं सगळ्यांचे दर्जे नव्यानं लावले. सरांचा फोन आला, आवाज पडलेला. "अरे, लाउंजच्या दारातून परत पाठवलं. म्हणे, नव्या नियमानं पुन्हा एक वर्ष प्रवास करा, मग बघू. मी आता नेमका कुठल्या कॅटेगरीत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, रिपीटर बॅच!"

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांची तिकिटं दुसरीकडून निघतात असं कळलं. एक चांगलं गिऱ्हाईक गेलं, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवण गोड लागलं.

* * *

काकूंचं जुनं खातं नव्या खात्याला जोडायचं, तर ओटीपी लागणार. खातं उघडताना मोबाईल नंबर दिलेला पुतण्याचा, आणि तो इस्लापूरकडं आश्रमशाळेत मास्तर. तिथं शाळेच्या आवारात रेंज नाही, पाण्याच्या टाकीवर चढलं की येते.

ठरलं असं, की मास्तरानं मधल्या सुट्टीत टाकीवर चढायचं आणि शेखभाईंनी इकडं बटण दाबायचं. पहिल्या दिवशी मास्तर चढला आणि इकडं आमची लाईट गेली. दुसऱ्या दिवशी लाईट होती, तर त्याच्या टाकीवर मधमाश्या. पुढच्या खेपेला दोन्ही जुळलं. मास्तरानं वरून आकडे ओरडून सांगितले, शेखभाईंनी घातले, आणि कॉम्प्युटर म्हणाला, 'वेळ संपली.'

"पुन्हा पाठवतो," मी म्हटलं.

"दिगूभाऊ," फोनवर मास्तर रडकुंडीला आला, "मी खाली उतरू का नको एवढंच सांगा. खाली हेडमास्तर येऊन राहिले!"

शेवटी जुळलं. खातं जोडलं गेलं आणि काकूंचे माइल्स सगळेच्या सगळे नव्या खात्यात दिसले. काकांनी पेढे आणले. शेखभाईंनी खाल्ला, मीही खाल्ला. मला मात्र आत कुठंतरी वाटत होतं, एवढं सरळ होत नसतं.

* * *

झालं नाहीच. लेकीला पुन्हा दिवस गेले, त्याच सुमाराला मोरवालीनं जाहीर केलं, घोडेवालीशी आपली युती संपली. ह्या महिनाअखेरपर्यंत जे बुकिंग होईल ते पाळलं जाईल, पुढं मोरवालीचे माइल्स तिकडं चालणार नाहीत. मोरवालीची नवी युती ज्यांच्याशी, त्यांचं विमान दोन ठिकाणी बदलायचं. काठी घेऊन काकू ते बदलणार कशा?

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाले, "गावात पॅनल फुटतंय तेव्हा निदान रात्रीतून जीप फिरतीय, कळतं तरी. हे कुणाला इचारून फुटले?"

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांची दुःखं ऐकून माझं कातडं जाड झालंय, पण हा माणूस स्वतःसाठी काही मागत नव्हता. बायकोचा पाय लांब व्हावा एवढंच मागत होता.

मी आणि शेखभाई बसलो शोधायला. जातानाच्या विमानात झोपायची सीट एकही नाही. तारखा पुढंमागं केल्या, तरी नाही. युती मोडायच्या आधी साऱ्या दुनियेनं उडी घातली असणार. महिना संपत आला आणि येतानाच्या विमानात एक सीट उघडली. एकच.

"घे!" काका ओरडले. "जाताना कशीबशी जाईल. येताना तरी झोपून येऊ दे तिला."

काकूंचं वेगळंच. "मी फुडं एकली? अन् हे मागं? लोक म्हणतील भांडण झालंय."

"लोक झोपलेले असतेत," काका म्हणाले.

मी बटण दाबलं. ह्या वेळी कॉम्प्युटरनं वेळ संपली म्हटलं नाही. काकांनी माझा हात हातात घेतला.

* * *

नात झाली, बारसं झालं, काका-काकू परत आले. हैदराबादहून आले ते घरी न जाता आधी माझ्याकडं. काका ताजेतवाने दिसत होते. काकू काठीवर सगळा भार टाकून, डोळे लाल, गुडघा पुन्हा तसाच टम्म. त्यांनी टेबलावर विमानातली थैली ठेवली. तिच्यातले मोजेसुद्धा घडी न मोडलेले.

"झोप लागली का, काकू?" मी हौसेनं विचारलं.

"ह्यांना लागली," काकू म्हणाल्या. "मागं त्या एवढुशा शीटवर तोंड उघडं टाकून घोरत होते. मी दोनदा पडदा सारून बघून आले."

"आणि तुम्हाला?"

"शीट लई चांगली रं. पोरीनं येऊन पलंग केला, चादर घातली, उशी दिली. आपल्या घरच्या पोरीवानी."

"मग?"

"मंग तिनं टीव्हीवर नकाशा लावून दिला. जर्मनी वर, आपला मुलूख खाली. इमानाचं तोंड खाली. अन् माझे पाय इमानाच्या तोंडाकडं."

शेखभाईंनी कॉम्प्युटरवरून मान वर केली. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

"तिला म्हनलं, बाई, उशी त्या बाजूला घे. ती हसून न्हाई म्हनली, पट्टा तिकडून लागत न्हाई म्हणं. मंग काय करते? बसून आले."

काकू काठी टेकत तिरप्या सोफ्याकडं गेल्या, पाय लांब करून आडव्या झाल्या, उंचवट्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

"दिगू," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "पुढच्या बारीला तेवढं उत्तरेकडं जाणारं इमान बघ."