पाणी गोडं होतं

दामाकाका माती हाताने पारखत नसत, जिभेने पारखत. उरणकडच्या खाडीलगत आम्ही पार्क उभारणार होतो, आखणी माझी होती. पहिल्याच भेटीत त्यांनी बोटभर चिखल चाटला, थुंकले आणि म्हणाले, "खारी हाय. तुमचं गवत हितं जगायचं नाय." मला किळस आली. आता तीच किळस मला माझी येते.

गावच्या बांधातली उघाडी काका सांभाळत. उघाडी म्हणजे लाकडी झापेचं दार: भरतीच्या रेट्याने मिटतं, ओहोटीला गावात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडतं. झापेत अडकलेल्या बाटल्या ते रोज उपसायचे. "घ्या, तुमच्या सोसायट्यांचा परसाद," म्हणत माझ्यापुढे धरायचे.

माझं डिझाइन 'हवामानबदलाला उत्तर' म्हणून गाजत होतं. पुराचं पाणी पिणारी बाग, कमळं, लाकडी पूल. विकासकाने चित्रावर बोट ठेवलं, "हे सडकं दार कशाला? जॉगिंग ट्रॅक सलग न्या ना." मी नेला.

काकांनी नकाशा उलटा धरला, तरी नेमकी ती जागा शोधली. "सायेब, आमची उघाडी कुठं गेली?"

"पाणी बागच पिऊन टाकेल, काका."

"पील की. मंग मुतंल कुठं?"

सगळे हसले. मीही हसलो. काकांचं बरोबर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

ट्रॅकच्या भरावाखाली उघाडी बुजली. त्याच पावसाळ्यात गावात कमरेइतकं पाणी साचलं आणि दोन दिवस हललं नाही. चौकशी लागली, तेव्हा पार्कचा डिझायनर म्हणून मी अहवाल दिला: समुद्राची पातळी वाढल्याने भरतीचं पाणी गावात शिरलं. किती सोयीचं! हवामानबदल काही उठून साक्ष द्यायला येत नाही.

अहवालाआधी पाहणीला गेलो, तर काका घरातली भिजलेली भाताची पोती बाहेर ओढत होते. मी समुद्राचं नाव घेताच त्यांनी भिंतीवरचा चिखल बोटांनी खरवडला, एक बोट चाटलं आणि चिखलाचं दुसरं माझ्यापुढे धरलं.

"गोडं हाय, सायेब. दर्या आलाच नाय. त्याच्यावर आळ कशाला घेता? बघा चाटून."

मी नाकाला रुमाल लावला आणि गाडीत बसलो.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. बागेला बक्षीस मिळालं, ते घेताना मी हसलोही. अहवाल अजून फायलीत आहे, खाली माझी सही आहे. सही खरी, अहवाल खोटा आहे. दर्या आला नव्हता. पाणी गोडं होतं.