तळघरातलं कुटुंब आणि माझा टीबी

"टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "स्प्युटम पॉझिटिव्ह, म्हणजे तुमच्या थुंकीत जंतू सापडलेत. खोकताना ते हवेतून दुसऱ्याला जाऊ शकतात. गोळ्या नीट घेतल्या की दोनेक आठवड्यांत तो धोका खूप कमी होतो. औषध मात्र सहा महिने."

माझा नवरा सचिन शेजारी बसला होता. ताटं-वाट्या वेगळ्या ठेवायच्या का, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, गरज नाही, भांड्यांनी टीबी पसरत नाही. मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. ताथवड्यातल्या आमच्या सोसायटीत हे कळलं तर काय होईल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. फुप्फुसं राहिली बाजूला.

तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी नुकतंच हे सांगितलं असेल, तर तुमच्याही मनात आधी हेच आलं असेल. म्हणून लिहिते आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. खोकला लागला तेव्हा मी कंपनीतल्या धुळीला दोष दिला, मग एसीला. संध्याकाळी अंग तापायचं. ड्रेस ढगळ व्हायला लागले. बसमधल्या मैत्रिणी विचारायच्या, कुठलं डाएट करतेस गं? मीही हसून घ्यायचे. एकदा थुंकीत रक्ताचा लाल दोरा दिसला तेव्हा हसू थांबलं. मग एक्स-रे झाला. मग सीबीनॅट, ही थुंकीचीच तपासणी, जंतू आहेत का आणि मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, दोन्ही सांगणारी. औषध चालणार होतं. ते नशीब.

लहान बेडरूम माझी झाली. काळेवाडीहून सासूबाई आल्या. सचिन त्यांना म्हणाला, आई, तू वयस्कर आहेस, तू नको. त्यांनी मास्क लावला आणि पिशवीतलं लुगडं काढून दोरीवर टाकलं. विषय संपला.

गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मला भाजून काढलं. अन्नाचा वास आला की मळमळायचं. लघवी नारिंगी व्हायची. रिफॅम्पिसिन नावाच्या गोळीने तसं होतं, घाबरू नका, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवते. पण खरी शिसारी यायची ती झाकणाच्या डब्यातल्या थुंकीची. आत फिनेल घातलेलं असायचं. डबा उचलायला सासूबाई आल्या की मी भिंतीकडे तोंड करायचे. एकदा म्हटलं, आई, तुम्हाला किळस येत असेल. त्या म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याचं हागमूत काढलं तवा न्हाई आली. आता कशी येईल?"

दिवस सरता सरत नव्हता. उशाशी एक जाडी कादंबरी होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या स्मिताताईंनी निदानाच्या आधीच दिलेली. त्यांचा सोसायटीत बायकांचा वाचनाचा ग्रुप आहे. देताना त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या होत्या, वाच, माणसं अशी कशी वागू शकतात तेच कळत नाही.

युद्धाच्या काळातल्या पोलंडची ती गोष्ट. एक ज्यू कुटुंब, बाप शिंपी, आई, दोन मुली. बेकरीच्या खालच्या तळघरात लपून राहतात. खोकला आला की मोठी मुलगी तोंडात कापडाचा बोळा कोंबते, कारण वर गिऱ्हाइकं उभी असतात. ते पान वाचताना मला खोकल्याची उबळ आली आणि पुस्तक खाली ठेवावं लागलं.

दुपारी सासूबाई दाराबाहेर पॅसेजमध्ये खिडकीशी बसायच्या आणि मी वाचलेलं त्यांना सांगायचे. त्यांना युद्धात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "त्यांना खायला कोण द्येतं? आन् घाण कोण काढतं?" मी मागची पानं चाळून पाहिली. बेकरीवाल्याची बहीण मैल्याची बादली वर राख टाकून बाहेर नेते, असं एक वाक्य होतं. मी ते वाचलं होतं आणि विसरले होते. सासूबाई रोज आधी त्या बहिणीचं विचारायच्या. पकडली तर नाही ना तिला?

मग मी त्या पानावर आले, जिथे कुटुंब घर सोडून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरची शेजारीण आत शिरते आणि पडदे काढते. शिलाई मशीनसुद्धा नेते. शिंप्याच्या मुली लहानपणी तिच्या मांडीवर खेळलेल्या. सैनिकांचं वाचताना मला भीती वाटली होती. हिचं वाचताना तोंडात कडू पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, "आमाला गावात पाणी वरनं वतायचे. वतनारी बाई तोंडानं लई ग्वाड हुती."

त्याच आठवड्यात बातमी कशी कोण जाणे फुटली आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. तिसऱ्या मजल्यावरील पेशंटने आणि कुटुंबीयांनी कृपया लिफ्ट वापरू नये, मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आहे. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. स्मिताताईंचेही जोडलेले हात होते. सचिनने मला फोन दाखवला नसता तर बरं झालं असतं, पण मीच हट्ट केला. तो त्या दिवशी गोळ्या आणायला गेला, तेव्हा जिना उतरून गेला.

पुस्तक वाचून होत आलं तसं मी स्मिताताईंना फोन केला. बरी झाले की आणून देते, म्हटलं. त्या चटकन म्हणाल्या, "अगं नको नको, परत नको देऊस. जाळून टाक ना."

मी हो म्हणून फोन ठेवला. राग असता तर सोसला असता. ही किळस होती, गोळ्यांनी येते तशीच, पोटातून वर येणारी. मला तुलना करायची नाही. त्या लोकांना मारायला नेत होते. मला फक्त जिना चढायला लावला होता. मी औषध घेऊन बरी होणार होते. तळघरातल्या मुलींना कुणी सुटकेची तारीख दिली नव्हती. पण पडदे काढणारी ती बाई मला आता ओळखीची वाटू लागली, आणि ते काही केल्या जाईना. इतके दिवस मी स्वतःच्या थुंकीची शिसारी बाळगत बसले होते.

दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या सोडायच्या नाहीत, इथेच लोक चुकतात. मी सोडल्या नाहीत. कामावर रुजू झाले. कोर्स पुरा झाला तेव्हा वजनही भरून आलं होतं. समोरच्या दारात स्मिताताई भेटल्या की गोड हसायच्या.

त्यानंतर काही महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या बायकोला टीबी निघाला. जोडपं परभणीकडचं, तो चाकणला शिफ्टमध्ये, ती नुकती बाळंत झालेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, फ्लॅटमालकाला सांगून त्यांना खोली रिकामी करायला लावू. कुणी विरोधात बोललं नाही. ती मुलगी कुठे जाणार, हेही कुणी विचारलं नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "तिसऱ्या मजल्यावरची पेशंट मीच. माझ्यामुळे तुमच्यापैकी कुणाला टीबी झाला का? तिला काढणार असाल तर आधी मला काढा. मी लेखी मागेन, कारणासकट."

सगळे आपापल्या फोनकडे बघू लागले. मग स्मिताताई उठल्या. माझ्याजवळ येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना म्हणाल्या, मी पहिल्यापासून हेच सांगत होते, माणुसकी नको का आपल्यात? त्यांनी म्हटल्यावर आणखी चारजणींनी माना हलवल्या. चेअरमननी विषय सोडून पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

त्यांचा हात गरम आणि मऊ होता. मला ओकारी येईल असं वाटलं. तरी मी हात सोडवून घेतला नाही. त्या मुलीचं घर तेवढ्यावर टिकत होतं.

घरी येऊन मी बेसिनशी साबण लावून हात धुतले. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, राहतील ती इथेच. त्यांनी एवढंच ऐकलं, मास्क लावला, चपला पायात सरकवल्या आणि त्या पोरीला काय खावंसं वाटतंय ते विचारायला खाली गेल्या.