हेस्टर टानीचे भाऊबंद

हेस्टर टानीने कुणाला कधी "कुठे निघालात?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. उलट माझा नवरा मिलिंद बाहेर पडताना आपणहून सांगायला लागला, "टानी, ऑफिसच्या कामाने बेसिंगस्टोकला चाललोय," की ती हात वर करून त्याला थांबवायची. "सांगू नकोस. ज्याचं जाणं त्याच्यापाशी." आम्हा नागपूरकरांना हे फार चमत्कारिक वाटायचं. आमच्याकडे शेजाऱ्याने एवढंही विचारलं नाही तर काहीतरी बिनसलंय असं समजतात.

कार्डिफला आमच्या घराला लागूनच तिचं घर. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत, मिलिंद आयटीत. ती ऐंशीच्या पुढची, दक्षिण आफ्रिकेतली, आफ्रिकान्स बोलणारी. 'टानी' म्हणजे त्यांच्या भाषेत मावशी. "मिसेस-बिसेस नको, टानी म्हण," असं तिनेच मला बजावलं होतं. नवरा गर्ट वारल्यावर ती इथे धाकट्या भावाकडे, डॅनीकडे, राहायला आली होती. डॅनी इथल्याच एका शाळेतून रिटायर झालेला गणिताचा शिक्षक. अबोल आणि हसरा.

एका रविवारी पेपरात कुठल्याशा गोल्फ क्लबमधल्या जुन्या मेंबरांची खिल्ली उडवताना कुणीतरी त्यांना 'ब्रूडरबॉन्ड' म्हटलं होतं. शब्द इंग्रजी वाटेना, म्हणून मी कुंपणावरून टानीला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. हातातला ओला टॉवेल तिने परत बादलीत टाकला.

"हाही घेतला का इंग्रजांनी?" ती म्हणाली. "ब्रूडर म्हणजे भाऊ, बॉन्ड म्हणजे बंध. आमच्याकडे निवडक पुरुषांची गुप्त मंडळी असायची. आत कोण आहे ते बायकोलासुद्धा सांगायचं नाही."

"मराठीत याच्या जवळचा शब्द आहे, भाऊबंद," मी म्हणाले. "पण भाऊबंदकी म्हटलं की भावाभावांतलं वैर."

"एकाच शब्दातून दोन्ही?" तिने तो शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. "तुमची भाषा खरं बोलते गं."

मग तिने मला आत चहाला नेलं आणि बोलत राहिली. गर्ट काही संध्याकाळी बूट पॉलिश करून, गाडी काढून जायचा. कुठे, ते ती विचारायची नाही. विचारायचं नसतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तवा तापलाय हे जसं हात न लावता कळतं, तसं कळायचं. गर्ट वारला तेव्हा डॅनी कार्डिफहून गेला होता. शवपेटीला खांदा द्यायला तो पुढे झाला, तर गावचा दंतवैद्य, बँकेचा मॅनेजर, शाळेचा हेडमास्तर अशी माणसं आधीच तिथे उभी. त्यांच्यातल्या एकाने डॅनीच्या छातीवर हलकेच हात ठेवून त्याला मागे सारलं.

"हा आमचा भाऊ होता, असं म्हणाला तो," टानी म्हणाली. "माझा सख्खा भाऊ बाजूला उभा, आणि हे भाऊ! तेव्हा कुठे मला उलगडलं, गर्ट त्या गुप्त मंडळीतला होता. पूर्वी, वर्णभेदाच्या काळात, डॅनी त्याच गावच्या शाळेत शिकवायचा. त्याने एका काळ्या शिक्षकाला घरी जेवायला बोलावलं, आणि थोड्याच दिवसांत शाळेच्या बोर्डाने त्याला काढला. बोर्डावर हीच माणसं. गावात दुसरी नोकरी कुणी दिली नाही. देश सोडावा लागला पोराला. आणि गर्टही त्याच बोर्डावर होता, सुजाता. मला म्हणाला, माझं काही चाललं नाही. मी विश्वास ठेवला."

"डॅनीला कधी विचारलंत?"

"इतकी वर्षं एका टेबलावर जेवतोय आम्ही. विचारलं आणि त्याने गर्टचं नाव घेतलं, तर मी कुठल्या नवऱ्यासाठी रडले?" मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "गर्टलाच विचारते. येऊन बसतो तिथे. बोलत नाही."

मी त्या खुर्चीकडे बघायचं टाळलं. आडनाव कळेपर्यंत भरभरून बोलणारी आणि कळल्यावर नुसतीच गोड होणारी माणसं मीही पाहिली होती. दाराआड काय बोलणं झालं, ते आपल्याला कधीच कळत नाही.

त्या वर्षी थंडी सुरू होताच डॅनीचं हृदय थकलं. त्याचा पलंग पुढच्या खोलीत आणला. एका दुपारी मी त्याच्या गोळ्या समजावून द्यायला गेले होते. टानी दारात उभी होती. तिने एकदम विचारलं, तेही इंग्रजीत. मला कळावं असं तिला वाटत असणार.

"डॅनी, तुला काढलं तेव्हा गर्टने हात वर केला होता?"

"केला होता," डॅनी छताकडे बघत म्हणाला. "आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता तो. म्हणाला, उद्या मला तुझ्याविरुद्ध हात वर करावा लागेल, नाहीतर मीही जाईन आणि हेस्टरचे हाल होतील. खूप रडला. मीच म्हणालो, कर वर. आणि हेस्टरला सांगू नकोस."

"सांगू नकोस हे तू म्हणालास?"

"तुझा संसार होता. मोडू नये असं वाटलं."

मला वाटलं, आता ती त्याचा हात हातात घेईल. ती जागची हलली नाही.

"म्हणजे माझ्या संसाराचं काय करायचं, ते तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत. आणि मी कुठे होते? स्वयंपाकघरात?"

"हेस्टर, भल्यासाठीच..."

"गर्टचे ते भाऊही भल्यासाठीच म्हणायचे."

डॅनीने डोळे मिटले. त्यानंतर टानीने त्याचं सगळं केलं. अंग पुसलं, सूप भरवलं, रात्री जागली. पण कामापुरतं सोडून एक शब्द बोलली नाही. तो नजरेने तिचा माग काढत राहायचा. नाताळच्या आधीच तो गेला.

पुढच्या उन्हाळ्यात टानीही झोपेत गेली. त्याआधी, डॅनीला जाऊन काही महिने झाले असतील, मी तिच्याकडे बसले होते. तिने मनातलं ओझं उतरवलं असेल असं मला उगाच वाटत होतं. म्हणून विचारलं, "टानी, गर्ट येतो का अजून?"

"आता दोघं येतात," ती शांतपणे म्हणाली. "हळू आवाजात बोलत असतात. मी खोलीत शिरले की गप्प होतात."

"मग तुम्ही काय करता?"

"पूर्वीची मी असते तर कॉफी ठेवून बाहेर गेले असते. आता खुर्ची ओढते आणि दोघांच्या मधे बसते. म्हणते, बोला. मी उठणार नाहीये."