दोन चाव्यांचा संगणक

दीनानाथ देवगिरीकरांचा माणसांवर विश्वासच नव्हता असं म्हटलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. विश्वास होता, फक्त तो एका वेळी दोन माणसांवर होता. एकटा माणूस कितीही देवमाणूस असला तरी त्याचं मन कधी फिरेल सांगता येत नाही. दोघांना मिळून वाकडं पाऊल टाकायचं तर आधी एकमेकांपाशी बोलावं लागतं, आणि बोललं की ते कुठंतरी फुटतंच, असं त्यांचं म्हणणं. हे तत्त्वज्ञान त्यांना कुणा गुरूनं दिलेलं नव्हतं, एका सरकारी बँकेच्या तपासणी खात्यानं दिलं होतं. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, एक मॅनेजरकडे, एक रोखपालाकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. त्या चाव्या खरोखर दोन खिशांत आहेत की एकाच खिळ्याला टांगल्यात, हे न कळवता जाऊन पाहणं हेच देवगिरीकरांचं काम. मूळचे परभणीचे, पण नोकरीची बहुतेक वर्षं लखनौच्या अवतीभवतीच्या शाखांना धाक घालण्यात गेली.

घरी जेवताना ते या गोष्टी शिकाऱ्यानं शिकारीच्या सांगाव्यात तशा सांगत. "मलिहाबादकडच्या एका शाखेत शिरलो. आंब्याचे दिवस, बाहेर गाड्यांची रांग, आत मॅनेजर दसहरी चोखत बसलेला. म्हटलं, चावी दाखवा. त्यानं जुडगा काढला तर दोन्ही चाव्या त्यातच! रोखपाल म्हणे सासुरवाडीला गेलाय." इथे ते थोडं थांबत. "आणि कागदावर मात्र दोघांच्या सह्या, रोजच्या रोज. कागद कसा, आरशासारखा!" बारावीत गेलेली शर्वरी आणि नववीतला संग्राम वरणभात कालवत निमूट ऐकत. मुलं इतकं लक्ष देऊन ऐकतात याचं देवगिरीकरांना फार समाधान होतं.

तर अशा माणसाच्या लखनौच्या महानगर भागातल्या फ्लॅटमध्ये मुलांच्या अभ्यासासाठी संगणक आला. तो दिवाणखान्यात, सोफ्यावरून पडदा सरळ दिसेल असा मांडला. मग देवगिरीकरांनी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं आणि सांगितलं, की याचा पासवर्ड अर्धा त्यांचा आणि अर्धा तिचा. आपापला अर्धा टाकताना दुसऱ्यानं खिडकीबाहेर बघायचं.

मालिनीबाई जानकीपुरम विस्तारातल्या औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होत्या. दिवसभर उंदरांशी आणि वरिष्ठांशी गोडीगुलाबीनं वागून आलेल्या त्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, कॉम्प्युटर आहे तो. स्ट्राँगरूम नाही."

"त्याच्यात इंटरनेट आहे," देवगिरीकर म्हणाले. बाईंनी आपला अर्धा टाकला आणि कुकरकडे गेल्या.

नियम पुढे वाढत गेले, कारण नियमांची पैदास ढेकणांसारखी असते, एक दिसला की भिंतीत शंभर असतात. संगणक एका बैठकीला पाऊण तास चालायचा, मग पडदा काळा व्हायचा आणि देवगिरीकरांनी स्वतः टाइप केलेलं वाक्य उमटायचं: 'वेळ संपली. डोळ्यांना विश्रांती द्या. – बाबा.' त्यानंतर पुन्हा दोन्ही अर्धे लागायचे. नवीन संकेतस्थळ पाहायचं तर आईच्या फोनवरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ज करायचा: नाव, कारण, अपेक्षित लाभ. 'अपेक्षित लाभ' या रकान्यात संग्रामनं एकदा 'मज़ा' असं लिहिलं होतं. तो अर्ज अर्थातच फेटाळला गेला.

नको ती पानं अडवणारी गाळणी बसवली होती ती निराळीच. तिनं शर्वरीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं प्रजननाचं प्रकरण घराबाहेर ठेवलं आणि 'ड्रग' हा शब्द दिसल्याबरोबर मालिनीबाईंची संस्थाच बंद करून टाकली. बाईंना स्वतःच्याच प्रयोगशाळेचं पान पाहायला नवऱ्याकडे अर्ज करावा लागणार होता. तो त्यांनी केला नाही, त्यांनी नुसतं पाहिलं, आणि संस्था दोन मिनिटांत सुरू झाली. मुलांना तसं पाहण्याची सोय नव्हती.

शर्वरीचं तर रक्त उकळायचं. वर्गातल्या मुली प्रोजेक्टवर एकत्र काम करायच्या आणि हिच्या पडद्यावर ऐन वेळी बाबा डोळ्यांना विश्रांती देऊन जायचे. फोन तिला बटणांचाच दिलेला. "बाबा, पूरी क्लास हँसती है मुझ पर," ती म्हणायची. "मी कपूरथला चौकातल्या सायबर कॅफेत रांग लावते, माहितीये? दुकानवाला भैया विचारतो, बेटा, घर पर कंप्यूटर नहीं है क्या? काय सांगू त्याला?"

"सांग, आहे, पण सुरक्षित आहे," देवगिरीकर म्हणत. आणि खरंच त्यांना वाटे की हे फार चांगलं उत्तर आहे.

"तुमचा भरोसाच नाहीये आमच्यावर."

"भरोसा आहे ग, सोन्या. पण भरोसा ही काही नियंत्रणाची पद्धत नाही."

हे वाक्य त्यांनी बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात ऐकलं होतं आणि जपून ठेवलं होतं. मुलीवर ते वापरताना आपण काही वाईट बोललो असं त्यांच्या मनातही आलं नाही. पोरीवर जीव होता त्यांचा. ती लहान असताना तापली तर रात्रभर मांडीवर घेऊन बसणारा हाच माणूस. पण जीव लावणं आणि चावी देणं ही त्यांच्या हिशेबी दोन वेगळी खाती होती.

मे महिन्यात देवगिरीकरांच्या बढतीची मुलाखत आली. सहायक महाव्यवस्थापकाची जागा, आणि वयाच्या नियमानं ही शेवटची खेप. यंदा हुकलं तर तपासणी अधिकारी म्हणूनच निवृत्त व्हायचं आणि ज्यांना कधीकाळी धारेवर धरलं त्यांनाच 'सर' म्हणत उरलेली वर्षं काढायची. या विचारानं त्यांची झोप उडाली होती. मुलाखत ऑनलाइन होती, शनिवारी, सुट्टीच्या दिवशी. सूचनेत लिहिलं होतं, उमेदवारानं मोबाइलवरून हजर राहू नये. दुसऱ्या कुणी याकडे काणाडोळा केला असता. देवगिरीकरांनी त्या ओळीखाली रेघ मारली.

त्या दुपारी मालिनीबाईंना प्रयोगशाळेत जावं लागणार होतं, पेशींना सुट्टी कळत नाही. निघताना त्यांनी आपला अर्धा टाकला, नवऱ्याचा टाय सरळ केला आणि म्हणाल्या, "नीट होईल हो. हसा जरा." देवगिरीकर वर कोट-टाय आणि खाली पायजमा अशा थाटात बसले. आवाज नको म्हणून कूलर बंद, पंखा बंद. मुलांना आतल्या खोलीत बसवून दार लोटून घेतलं. लखनौचा मे महिना. घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.

आधीच्या उमेदवाराची मुलाखत लांबली. देवगिरीकर पडद्यावरच्या 'कृपया थांबा'कडे पाहत थांबले. थांबता थांबता एकदाचा पडदा उजळला, समितीच्या अध्यक्ष मॅडम दिसल्या, आजूबाजूला तीन महाव्यवस्थापक. "नमस्कार, मिस्टर देवगिरीकर," मॅडम हसून म्हणाल्या. देवगिरीकरांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि पडदा काळा झाला.

'वेळ संपली. डोळ्यांना विश्रांती द्या. – बाबा.'

क्षणभर त्यांना काही उमजेचना. मग सगळं एकदम उमजलं. पाऊण तासाचा नियम सगळ्यांना सारखा ठेवला होता, कारण नियम सगळ्यांना सारखाच असतो. त्यांनी आपला अर्धा टाकला. संगणक उरलेल्या अर्ध्यासाठी शांतपणे थांबला. मालिनीबाईंना फोन लावला. तो संस्थेतल्या कपाटात वाजत राहिला, प्रयोगशाळेत फोन नेता येत नसे. तेवढ्यात मुख्य कार्यालयातून एका मुलाचा फोन आला. "सर, आप कट गए. पाँच मिनट रुकेंगे, फिर अगला कैंडिडेट ले लेंगे."

देवगिरीकरांनी आतलं दार उघडलं. शर्वरी आणि संग्राम पलंगावर पुस्तकं घेऊन बसले होते.

"मुलांनो," ते म्हणाले. आयुष्यभर ज्यानं असले प्रश्न विचारणाऱ्यांना पकडलं, त्या माणसाला आता तोच प्रश्न विचारायचा होता. "आईचा... आईचा भाग तुमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे का?"

संग्रामनं बहिणीकडे पाहिलं. शर्वरीनं पुस्तकातून मान वर केली नाही. "आम्हाला कसं माहीत असणार?"

"अगं, मुलाखत आहे माझी. शेवटची आहे ती. नंतर नाही मिळणार." त्यांचा आवाज फाटला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. "मी काही बोलणार नाही. शपथ. माहीत असेल तर सांग, बाळ."

शर्वरीनं बापाकडे पाहिलं. घामानं थबथबलेला कोट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पाय अनवाणी. ती काय तोलत होती ते देवगिरीकरांना तेव्हा कळलं नाही, त्यांना फक्त घड्याळ दिसत होतं. मग ती उठली, संग्राम "दीदी, मत कर यार" असं पुटपुटला, तरी ती उठलीच. खुर्चीत बसली, त्यांनी भरलेला अर्धा पुसून टाकला, आणि सुरुवातीपासून सगळा पासवर्ड सरसर टाकला. स्वतःचं नाव लिहावं तसा.

पडदा उजळला. पाऊण तासाचं कलमही तिनं दोन ठिकाणी दाबून उडवलं आणि खुर्ची सोडली. "बसा, बाबा. टाय पुन्हा सरकलाय."

मुलाखत सुरू झाली. आकडे, नियम, नवी परिपत्रकं, देवगिरीकर घडाघडा बोलत गेले. शेवटी अध्यक्ष मॅडमनी विचारलं, "तुम्ही तपासणीतले जुने. समजा, एका शाखेत दोन्ही चाव्या एकाच माणसाकडे सापडल्या. त्या माणसानं काही गैर केलेलं नाही, उलट त्याच्यामुळं त्या दिवशी शाखा उघडली. काय कराल?"

शर्वरी कॅमेऱ्यामागे, भिंतीला टेकून उभी होती. देवगिरीकरांची नजर एकदा तिकडे गेली आणि परत आली.

"मॅडम, हेतू हा विषयच नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी स्थिर होता. "त्याच दिवशी चाव्या बदलायच्या. जबाबदारी निश्चित करायची. एकाला सूट दिली की नियम मेला."

तिन्ही महाव्यवस्थापकांनी माना डोलावल्या. मॅडम म्हणाल्या, "उत्तम. असेच लोक हवेत." पडदा बंद झाल्यावर देवगिरीकरांनी कूलर लावला आणि आनंदानं खुर्चीत मागे रेलले. इतकी चांगली मुलाखत त्यांनी जन्मात दिली नव्हती.

मग तपासणी सुरू झाली, अर्थात प्रेमानं. कधीपासून? दिवाळीपासून. आईचा भाग कसा मिळाला? आईचे हात कणकेत होते, तिनं ओट्यावरूनच ओरडून सांगितला. आणि माझा?

"आप टाइप करते हुए बोलते हैं," संग्राम म्हणाला. "होंठ हिलते हैं. रोखपाल नोटा मोजतात ना, तसे."

"मग काय काय बघत होतात इतके महिने?"

"पहले दो दिन सब कुछ देखा," संग्राम प्रामाणिकपणे म्हणाला. "फिर बोर हो गए. आता मी क्रिकेट बघतो, दीदी प्रोजेक्ट करते."

"पण मग रोज अर्ज का करत होतात? परवाच तर तू मागितलंस, अपेक्षित लाभासकट!"

शर्वरी म्हणाली, "कागद स्वच्छ पाहिजे ना, बाबा. तुम्हीच सांगता जेवताना."

देवगिरीकर खो खो हसले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ते म्हणाले, आणि वर पोरीच्या हुशारीचं कौतुकही केलं. त्यांचं हसणं खरं होतं. ते पाहून मुलंही सैलावली, आणि शर्वरीच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जरा उजेड आला. तिला वाटलं असावं, की झालं, सुटलो आपण.

संध्याकाळी मालिनीबाई आल्या. चहा झाला, मुलाखतीची हकीकत दोनदा सांगून झाली, आणि कप ठेवून देवगिरीकर संगणकापाशी गेले. "चल ग, नवा अर्धा टाक तुझा. मी माझा बदललाय."

मालिनीबाई उठल्या नाहीत. "आज? तिनं एवढं केलं त्याच दिवशी?"

"म्हणूनच. आज नाही बदलला तर मी समितीला काय सांगितलं त्याला अर्थ काय?" मग ते मुलीकडे वळले. त्यांना मनापासून काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "शर्वरी, तू आज मला वाचवलंस. विसरणार नाही मी. पण नियम तो नियम. समजतेस ना तू?"

"जी, समजते," शर्वरी म्हणाली. लखनौत वाढलेली मुलगी. आवाज चढला नाही, शब्दाला धार आली नाही. "फक्त एक सांगू? अगली बार आप पूछेंगे न, तो मैं कह दूँगी कि मुझे नहीं मालूम."

देवगिरीकर हसणार होते. ते हसू तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं, कारण दुसरं कुणीच हसत नव्हतं. पोर चिडलेली असती तर त्यांनी समजूत काढली असती, चिडलेल्या माणसांशी बोलायची त्यांना सवय होती. ती चिडलेली नव्हती. ती त्यांना फक्त पुढचं काय ते आधीच सांगून ठेवत होती, आणि ते खरं आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते संगणकापासून दोन पावलं पुढं आले आणि स्वयंपाकघराच्या वाटेतच उभे राहिले.

"संग्राम, चल, पानं घेऊ," शर्वरी म्हणाली, आणि बापाच्या पुढून वाकून, "ज़रा हटिए बाबा," असं अदबीनं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.