ह्यांनी हात करणं सोडलं तेव्हा

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "काका, गाडी अजून चालवता?" मीच म्हटलं, "चालवतात. मला मागे बसवून, मोखाडा ते जव्हार." बाई म्हणाल्या, "कॅटरॅक्ट आहे, दोन्ही डोळ्यांत. चावी आता काकूंकडे."

कॅटरॅक्ट म्हणजे मोतीबिंदू. डोळ्यातली काच दुधाळ होते, असं समजा. मला संशय होताच, बरं का. फक्त भलतीकडे होता.

आमच्या ह्यांना एक खोड. दिवसा लाईट लावून कुणी दुचाकीवाला समोरून आला, की हात उचलून बोटं उघडमीट करायची: अरे, लाईट चालू राहिला! नव्या गाड्यांचा लाईट इंजिनाबरोबरच लागतो, समोरच्याला गाडी दिसावी म्हणून. मुलीने किती वेळा सांगितलं. आमची स्कूटरही तसलीच. तरी बोटं हलायचीच.

आणि यंदा पावसाळ्यात एकाएकी बंद. एवढं शहाणपण आलं कुठून? चोरून पितात की काय? मागे बसून शर्टाचा वास घेतला. तसं काही नव्हतं. घरी मासे वाढले तर म्हणाले, "काटे तू काढ." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! संशय आणखी वाढला.

मग एका दुपारी घाटात ढग रस्त्यावर उतरलेले. वळणावर बिनलाईटची जीप. मी किंचाळले, तेव्हा कुठे ह्यांनी ब्रेक मारला.

भल्यामोठ्या मिशीचा जीपवाला ह्यांच्या तोंडाशी येऊन ओरडला, "आजोबा, डोळे घरी ठेवून आलात का?"

"तुझा लाईट कुठे होता?"

"भर दिवसा?"

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांना गाडी दिसतच नव्हती, दिसत होता तो लाईट. लाईट नाही म्हणजे रस्ता मोकळा! मग 'बंद कर' म्हणायला हात उठेल कसा? मी स्कूटरवरून उतरले ती उतरलेच. दुसऱ्या दिवशी एसटीने जव्हार, ह्या डॉक्टरीणबाईंकडे.

आधी साखर, मग बीपी. एवढ्याशा डोळ्याला बोटातलं रक्त कशाला, मी दोनदा विचारलं. मग ए-स्कॅन, म्हणजे आत बसवायच्या लेन्सचं माप. मग ऑपरेशन, एक डोळा आधी, दुसरा नंतर. बाकड्यावर बसून मी नुसती दाराकडे बघत होते. पट्टी निघाल्यावर "दिसतंय" म्हणाले. मी कॅलेंडरचं पान उलटून वाचायला लावलं. चालू महिना पाठ असायचा!

बाईंनी पुन्हा तपासून मगच चावी द्यायला सांगितली. वर म्हणाल्या, "ढगात लाईट डिपरवर ठेवा, म्हणजे खाली. अप्पर मारलात तर धुकंच पांढरं होतं, रस्ता जातो." बायांनो, तुमच्या घरचा माणूस अचानक शहाणा झाला तर आधी डोळे दाखवून आणा.

परवा पुन्हा घाटातून निघालो. समोरून दुचाकी आली, भर उन्हात लाईट लावलेली. ह्यांचा हात वर गेला. म्हटलं, आली खोड परत! पण बोटं हलली नाहीत. हात कपाळाला लागला. कुणाकुणाच्या लाईटने माझा माणूस घरी आणला, मला तरी कुठे ठाऊक? मीही मागून हात जोडले.

तेवढ्यात पुढे जीप दिसली. माझा काही अजून विश्वास बसत नाही.

"अहो, रंग कोणता तिचा?"

"हिरवा. आणि ड्रायव्हरने मिशी काढलीय. तोच तो, डोळे घरी ठेवून आलात म्हणणारा."