ठकीची वाकडी खुर्ची

पहाटे साडेचारला सळईवाला उठायचा. बांधकामावर लोखंडी सळया वाकवायच्या आणि वाकलेल्या सरळ करायच्या, हा त्याचा धंदा. पण आधी घरचं काम: लेकीचे पाय. ठकीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे स्नायू ताठरण्याचा आजार. रात्रभरात तिचे पाय एकमेकांत अडकून ताठ व्हायचे. अलीकडे कणाही एका बाजूला कलला होता.

तो पाय धरून ओढायचा, सळई ओढतात तसे. जितकं ओढावं तितके ते ताठरत. मग तो भडकायचा. पायांवर, चहा उशिरा आणणाऱ्या बायकोवर.

"अहो, पोर आहे ती, सळई नाही."

"सळई परवडली. ती ऐकते तरी."

ठकी शब्द जुळवत म्हणायची, "बाबा... वाकडा."

पाठ सरळ व्हावी म्हणून त्याने फळ्यांची काटकोनी खुर्ची ठोकली, छातीला पट्टे लावले आणि आवळले. आठवड्यात बरगडीवर लाल चट्टा उठला. अंग जास्तच ताठरलं, घास घशात अडकू लागला.

दवाखान्यात व्यायामाच्या बाईंनी चट्टा पाहिला. "दुखतंय म्हणून ती ताठरते. पाय हळू बाजूला न्यायचा आणि ढिला पडेपर्यंत थांबायचं. आणि पाठीचा हा बाक ओढून जाणार नाही, त्याला आधार द्यायचा. ऑपरेशनचं डॉक्टर बघतील."

"इतकी वर्षं येतोय आम्ही," तो कडाडला. "पाठीचा एक्स-रे काढा, असं एकाच्या तरी तोंडून निघालं?"

"नाही निघालं," बाई म्हणाल्या. "निघायला हवं होतं."

त्याने राग गिळला नाही. डॉक्टरांच्या दारात ठिय्या देऊन त्याच दिवशी एक्स-रे काढून घेतला. घरी मात्र तो पाय धरून थांबायला शिकला. सळया ओढण्यापेक्षा ते जड गेलं.

मग बाईंनी सुचवलेल्या, अशा मुलांच्या मापाच्या खुर्च्या बनवणाऱ्या खुर्चीवाल्याने ठकीला मऊ गादीत बसवून तिच्या पाठीचा ठसा घेतला. ठसा वाकडाच आला.

"वाकड्या खुर्चीचे पैसे देऊ मी?"

"काका, माप पोरीचं घेतलंय. तुमच्या मनाचं नाही."

सळईवाला तणतणत निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून मुकादमाकडे जादा पाळ्या मागू लागला. भर उन्हात तापलेलं लोखंड उचललं, तळहात सोलले.

त्या मजुरीतून ती वाकडी खुर्ची घरी आली. ठकी तीत टेकून बसली. पायांची पकड सैलावली, एक हात मोकळा झाला. अर्धं सांडलं, पण चमचा तिने स्वतः तोंडापर्यंत नेला, आणि घास अडकला नाही.