खंडेनवमीचा रोबॉट

उद्याच्या भारताचे हात इथे घडतात. आमच्या संस्थेच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत आहे. मुळशीत पाऊस हटत नाही, त्यामुळे वाक्याखाली शेवाळ धरतं आणि ते खरवडायचं काम पहिल्या वर्षाच्या मुलांकडे असतं. त्या अर्थाने हात घडतातच.

मी इथे मेकॅट्रॉनिक्स शिकवतो. आमच्याकडे एक औद्योगिक रोबॉट आहे. पिवळा, सहा सांध्यांचा, नुसता एक हात, भोवती सुरक्षेची जाळी. पाहुणे आले की आधी त्याचा चेहरा शोधतात. पूर्वी मला याचं हसू यायचं.

त्या वर्षी माझ्या वर्गात मारुंजीचा एक विद्यार्थी होता. बाकीच्यांपेक्षा वयाने मोठा, मिशीवाला. घरच्यांनी शेतात भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यात हिंजवडीचे इंजिनियर राहत. खाऊन-पिऊन सुखी घर. अडचण एकच, लग्न जमत नव्हतं. मुलगा काय करतो, या प्रश्नाला ‘भाडं गोळा करतो’ हे उत्तर हल्ली चालत नाही. कोळवणकडचं एक स्थळ मात्र अजून थांबलं होतं. दिवाळीच्या आत नोकरी लागली तर पुढचं बोलू, असा त्यांचा निरोप होता.

“सर, कंपनी कुटली बी असंना,” तो मला सांगायचा. “गळ्यात कार्ड पायजे.”

नोकरीसाठी मुलं निवडायला एका कंपनीचे साहेब आले, प्रात्यक्षिक घ्यायला, ते नेमके खंडेनवमीच्या दुपारी. तारीख आमच्या संचालकांनी ठरवली होती. पंचांग त्यांच्या खात्यात येत नाही. सकाळीच मुलांनी रोबॉटची पूजा केली होती. हात खाली झुकवून वीज बंद, पकडीला हळद-कुंकू, कोपरात झेंडूचा हार. कुंकू सेन्सरलाही लागणार होतं, तेवढं मी अडवलं. पूजा या मारुंजीच्या विद्यार्थ्यानेच सांगितली होती आणि पहिला नंबरही त्याचाच होता.

“करा सुरू,” साहेब म्हणाले. “पट्ट्यावरचा तुकडा उचलून ट्रेमध्ये ठेवायचा.”

तो जागचा हलला नाही. “आज हात लावायचा न्हाई, सर. पूजा झालीया.”

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला बाजूला घेतलं. “अरे, नोकरी पाहिजे ना तुला?”

“पायजे की. हार त्याच्यासाठीच तर घातलाय.”

“मी काढतो तो हार,” संचालक पुढे झाले.

“काढा. पर सुरू तुमीच करा मंग. मी न्हाई करनार.”

संचालकांना रोबॉट सुरू करता येत नाही. त्यांनी हात मागे घेतला.

साहेब खुर्चीत बसले. “अहो, राहू द्या. आमच्याकडेही आज मशिनं बंदच आहेत. म्हणून तर मला यायला जमलं.”

“मग उद्या-परवा?” मी विचारलं.

“आता पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षी म्हणजे कोळवणची मुलगी दुसरीकडे, हे त्या खोलीत मला आणि त्या विद्यार्थ्यालाच कळत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. माझं लक्ष मात्र हाराच्या गळणाऱ्या पाकळ्यांकडे होतं. त्या झाडायच्या कुणी?

“तोंडी सांगा मग,” साहेब म्हणाले.

विद्यार्थ्याने बाही वर केली आणि स्वतःचा उजवा हात पुढे धरला. कंबरेतून वळला, खांदा उचलला, कोपर दुमडलं, मनगट फिरवून हवेतला तुकडा चिमटीत धरला. प्रत्येक वळणाला वेग किती आणि का, हे सांगत गेला. मिशीवाला माणूस असं करताना फार बरा दिसत नाही.

“आता तुकडा अडकला,” साहेब म्हणाले.

त्याने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. “लाल बटन!” उजवा हात हवेत होता तिथेच थांबला.

साहेबांनी काहीतरी लिहिलं, मग ते पाणी प्यायले. हात तसाच.

“खाली घ्या की आता.”

“जाळीच्या आत कोन हाय का ते बगितल्याबिगर न्हाई, साहेब.”

साहेब उठले, त्याच्याभोवती एक चक्कर मारली. “कोणी नाही.”

मग त्याने हात खाली घेतला.

त्याची निवड झाली. संचालकांनी सत्कार केला आणि ते परंपरा व तंत्रज्ञान यांच्या संगमावर बोलले. भाषण लांबलं. दिवाळीच्या आत पत्र आलं. मुलीच्या वडिलांनी खात्री करायला मला फोन केला. रोबॉट म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं नाही. त्याच्या कंपनीला सुट्टी कुठल्या वारी असते, एवढंच विचारलं.

“गुरुवारी,” मी म्हणालो.

लग्न गुरुवारी लागलं. आमच्या संस्थेची सुट्टी रविवारी असते, त्यामुळे मला जाता आलं नाही.